सहासष्ट बाय दहाचं टक्कल

६ फेब्रुवारी

साहेब,

तुझं पत्र पोचलं. चार पानं. साडेतीन पानं गवतावर, पाच ओळी तुझ्या बायकोच्या गुडघ्यावर आणि शेवटी 'बाबा ठीक आहेत.' तीन शब्द. मी मोजले. चौथीत शाळा सुटली असली तरी तीनपर्यंत येतं मला.

मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. म्हणून हे पत्र. कागद मैदानावरच्या जुन्या स्कोअरबुकातला आहे, पाठीमागं कुणाच्या तरी शून्यावर आऊट झाल्याची नोंद दिसेल. ती तुझ्याविषयी नाही, पण मनाला लावून घ्यायची असेल तर घे.

आता तुझ्या हिरवळीचं. कंपनीनं मॅनेजर केलं, बंगला दिला, बंगल्यापुढं ऐंशी बाय चाळीस फूट मोकळी जागा दिली आणि तू पुस्तक आणून गवत पेरलंस. पुस्तक! बाप चाळीस वर्षं क्रिकेटच्या मैदानाचा माळी. बहीण त्याच मैदानावर वीस वर्षं माळीण. आणि हा पठ्ठ्या गवत पेरायला दुकानात जाऊन रंगीत चित्रांचं पुस्तक विकत आणतो. बाबा तुझ्याच घरात राहतात, शेजारच्या खोलीत. त्यांना विचारायचं होतंस. पण पुस्तकाला घामाचा वास येत नाही, हे खरं.

तू नकाशा काढून टकलांना क, ख, ग अशी नावं दिलीस ते बरं केलंस. कुंपणाच्या भिंतीजवळचं क : चार बोटं खण. सिमेंट लागेल. बंगला बांधताना गवंड्यानं माल तिथंच कालवला असणार. झाडाखालचं ख : तिथं ऊन पोचत नाही आणि तू उन्हातलं बी टाकलंस. ग, म्हणजे वरची बाजू बोडकी आणि खालच्या कोपऱ्यात ब्रशासारखं दाट : पाणी कसं घालतोस ते मला न बघता दिसतंय. नळीवर अंगठा दाबून, आग विझवल्यासारखं. बी वाहून खाली गेलं. झारी आण. आणि पेरल्यावर वरून काही फिरवलं होतंस का? बी मातीत दाबावं लागतं. नुसतं भिरकावलं तर मुंग्यांची सोय होते.

बाबांविषयी चार शब्द लिहिलेस तर बिघडणार नाही.

तुझी अडाणी ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझ्या सूचनांनुसार पाहणी केली. 'क' येथे खणले असता पाव पोते वाळलेले सिमेंट निघाले. 'ख' व 'ग' बाबतही तुझे निदान योग्य ठरले. वरून काही फिरवले नव्हते, कारण पुस्तकात तो मजकूर पुढच्या प्रकरणात होता. दुरुस्ती सुरू आहे.

तथापि एक नवीन अडचण उद्भवली आहे. हिरवळीच्या बरोबर मधोमध गवत उत्तम उगवले होते. ते गेले. मी पुन्हा बी टाकले, पुन्हा उगवले, पुन्हा गेले. १८ एप्रिल रोजी कंपनीचे संचालक सपत्नीक आमच्याकडे चहाला येत आहेत. टेबले हिरवळीवरच मांडायची आहेत. टक्कल पडलेल्या जागेवर मला त्यांना बसवता येणार नाही.

बाबांना विचारण्यासारखी स्थिती राहिलेली नाही. ते विसरतात. मला 'साहेब' म्हणून हाक मारतात आणि मी आलो की खुर्चीतून उठून उभे राहतात. पहाटे कुठेतरी निघून जातात, मग अंगणात सापडतात. दिवसभर मी कामावर, हिचे गुडघे असे. एक चांगली संस्था पाहिली आहे. वृद्धांची उत्तम देखभाल होते, खोल्या हवेशीर आहेत. १५ एप्रिलला जागा रिकामी होत आहे. फॉर्मवर दोन्ही अपत्यांच्या सह्या लागतात. तो सोबत जोडला आहे. कृपया सही करून पाठव आणि मधल्या पट्ट्याबाबतही कळव.

तुझा भाऊ


२६ फेब्रुवारी

साहेब,

फॉर्म मिळाला. कागद छान जाड आहे. मागची बाजू कोरी होती, म्हणून हे पत्र तिच्यावरच लिहितेय.

जागा पंधराला रिकामी होतेय आणि चहा अठराला. तीन दिवसांत बाबा उचलायचे, अंगण झाडायचं, टेबलावर स्वच्छ चादर घालायची. तुझं नियोजन चांगलं, म्हणूनच मॅनेजर झालास. आणि बाबा साहेब म्हणतात त्याचं वाईट काय वाटून घेतोस? तीस वर्षं तू ऑफिसात सांगत आलास की वडील क्रीडा खात्यात होते. खात्यात! हातात खुरपं असायचं त्यांच्या. आता ते तुला साहेब म्हणतात तर फिटंफाट झाली म्हणायची.

मधल्या पट्ट्याचं सांगते. तूच फिरत असशील त्याच्यावर, उगवलं का उगवलं का करत. नवं गवत म्हणजे तान्हं पोर, रोज उचलून वजन केलं की ते वाढत नाही. नाहीतर शेजाऱ्याचं कुत्रं. नाहीतर तुझ्या बायकोनं खुर्च्या टाकल्या असतील. मला आता तीन गोष्टी बघून कळव. गवत मुळापासून उपटलंय का वरून कापलंय? टकलाची कड वेडीवाकडी आहे का सरळ? आणि टेप लावून माप घे. अंदाजे लिहू नकोस, तुझे अंदाज मला माहीत आहेत.

सही करत नाही. करणार नाही असंही म्हणत नाही. बाबा जेवतात का, झोपतात का, काय बोलतात ते आधी लिही. मला गवतापेक्षा ते जास्त कळतं असं नाही, पण विचारायची सवय आहे.

ताई


९ मार्च

प्रिय ताई,

सोबत फॉर्मची दुसरी प्रत पाठवत आहे. कृपया हिच्यावर गवताविषयी काही लिहू नये.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे : गवत उपटलेले नसून जमिनीलगत कापलेले आहे, अतिशय समान. कडा सरळ आहेत, त्यामुळे कुत्र्याची शक्यता मी फेटाळतो. माप, टेप लावून : लांबी सहासष्ट फूट, रुंदी दहा फूट. जमीन तेथे इतर जागेपेक्षा कठीण लागते. दोन्ही टोकांशी पांढऱ्या भुकटीच्या रेषा आढळल्या. बुरशी असावी म्हणून नमुना कारखान्यातल्या केमिस्टला दिला. त्याने तपासून सांगितले की हे गव्हाचे पीठ आहे. त्यानंतर तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतो. घरातले पीठही कमी होत आहे आणि हिची कापड बेतायची मोठी कात्री नाहीशी झाली आहे. हिने कामवाल्या बाईंना त्याबद्दल समज दिली.

बाबा जेवतात. दुपारी खुर्चीत झोपतात. कपडे मातीने मळवतात. बोलणे फारसे नाही. 'आज ऊन चांगलं आहे, पकडेल' असे म्हणाले. काय पकडेल ते कळले नाही.

आणि ताई, एक लिहावेसे वाटते. मला टोमणे मारण्यापूर्वी आठव की बाबा माझ्याकडे आले कसे. वीस वर्षे ते तुझ्याकडे होते. मग अचानक तुझे पत्र आले की खोली लहान पडते, त्यांना मोकळ्या हवेची गरज आहे. पुढे क्लबच्या सेक्रेटरींकडून मला समजले की त्यांना मैदानावर पाऊल टाकायची बंदी आहे आणि ती घालणारी व्यक्ती तू आहेस. मी निदान फॉर्म भरून, रीतसर विचारून करतो आहे.

तुझा भाऊ


१४ मार्च

गाढवा,

सहासष्ट बाय दहा. परत वाच. मोठ्यानं वाच. बायकोला ऐकव, त्या केमिस्टला ऐकव.

अरे, ते पिच आहे! बावीस यार्डांची खेळपट्टी. जगात कुठंही जा, एवढीच असते. गवत जमिनीसरशी कापतात, ऊन दाखवतात, ऊन पकडलं की जमीन कडक होते. टोकाला पांढरी रेघ मारतात. चुना सापडला नाही म्हणून बिचाऱ्यानं पीठ घेतलं. माळ्याचा मुलगा तू, स्वतःच्या हातानं टेप लावलीस, आकडा कागदावर लिहिलास आणि खाली लिहितोस बुरशी! बुरशी रेघा मारून उगवते होय रे? असली बुरशी असेल तर मला पोतंभर पाठव, माझं काम वाचेल.

विश्वास नसेल तर दोन्ही टोकांना वाकून बघ. तीन-तीन भोकं असतील, स्टंपची. मग उद्या पहाटे उठून खिडकीत उभा राहा. आणि तुझ्या बायकोनं त्या कामवाल्या बाईची माफी मागायची. समज देतात म्हणे.

आता तुझ्या शेवटच्या ओळींचं. खरं आहे ते. मीच बंदी घातली.

फायनलची सकाळ होती. दोन्ही टीम पॅड बांधून बसलेल्या. बाबा कधी आत शिरले कळलं नाही, त्यांनी पिचवर नळी सोडून दिली. तयार पिचवर! मी येईपर्यंत त्यात बेडकं पोहायची बाकी होती. मॅच गेली. कमिटीनं मला बोलावून सांगितलं, म्हातारा तरी राहील नाहीतर तू तरी. मी वॉचमनला सांगितलं, आत सोडू नकोस. मग ते रोज सकाळी गेटबाहेर उभे राहायचे. जाळीला बोटं अडकवून. मी तिकडं पाठ करून रोलर ओढायचे. तीन आठवडे ओढला, मग तुला पत्र लिहिलं. खोली लहान नव्हती. वीस वर्षं आम्ही मावलो तिच्यात. मलाच त्या जाळीकडं बघवेना.

झालं समाधान? ठेव जपून, फायलीत लाव.

ताई


२३ मार्च

ताई,

भोकं आहेत. तीन आणि तीन.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीत उभा राहिलो. बाबा मागच्या दारानं बाहेर आले. हिची कात्री, केरसुणी, दोरीचं भेंडोळं आणि पिठाचा डबा. गुडघ्यावर बसले आणि कापायला लागले. दोरी लावून, पुढं सरकत, एकसारखं. मग केर काढला. मग वाकून तळहात जमिनीवर ठेवला आणि डोळे मिटून थांबले, डॉक्टर छातीवर हात ठेवतात तसे. घरात त्यांना शर्टाची बटणं मी लावून देतो, ताई. तिथं त्यांचा हात एकदाही अडला नाही.

मी खाली गेलो. मला बघून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, बूट काढा. पिचवर बूट घालून येऊ नका." मी काढले. त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ताणून धरायला सांगितलं. मी धरून उभा राहिलो. विचारलं, घरी कोण असतं तुमच्या?

म्हणाले, "मुलगा आहे, शिकतोय. त्याला इकडं फिरकू देत नाही मी. हात खराब झाले की पेन धरवत नाही." मग दोरी तपासत, "मुलगी आहे. तिला मात्र शाळेतून काढलं, रोलर ओढायला माणूस नव्हतं. चुकलंच ते. पण साहेब, पिच माझ्यापेक्षा चांगलं करते. हे तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

तर मी सांगतो आहे.

हिनं कामवाल्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, आजोबांना पहाटे कात्री नेताना त्यांनी पाहिलं होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. आता काय करू ते कळव. अठरा तारीख जवळ येते आहे आणि फॉर्म दिसला की मी दुसरीकडे बघतो.

भाऊ


२९ मार्च

साहेब,

पत्र मिळालं. त्यातल्या एका ओळीवर माझ्याकडून चहा सांडला. ती मुलगी पिच चांगलं करते, ती ओळ. नीट वाचता येत नाही आता. पुढच्या पत्रात परत एकदा लिही, ठळक.

डोक्यावर बसेल म्हणे. वीस वर्षांत तोंडावर कधी 'बरं आहे' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. 'डावीकडं ओल जास्त आहे', 'कड खाल्लीस', 'रोलर ओढतेस का प्रेत?' हे ऐकत वय गेलं माझं. आणि कौतुक केलं ते कुणापाशी, तर ज्याला पीठ आणि बुरशीतला फरक कळत नाही त्याच्यापाशी.

शाळेचं म्हणशील तर, मला चौथीतलं काहीएक कळत नव्हतं. रोलर बरा होता. हे त्यांना सांग. नाही कळलं तरी सांग.

आता काय करायचं ते ऐक. मधल्या जागेत बी टाकायचं बंद. तू दिवसा पेरतोस, ते पहाटे कापतात, बीवाल्याचं तेवढं भलं. बायकोला कात्री परत दे आणि बाबांना गवताची कात्री आण, वाकलेल्या दांड्याची. चुना आण, पीठ पोटात जाऊ दे. रोलर नाही म्हणून ते पायांनी धोपटत असतील, म्हणून तुला जमीन कडक लागली. पत्र्याचा ड्रम घे, पाणी भरून आडवा कर, दोरी लाव. आणि दोरीच्या एका बाजूला तू उभा राहा. हात खराब होतील. झालेले बरे.

नळी मात्र कुलपात ठेव.

बाकीच्या हिरवळीला आठवड्यातून एकदा वरवर काप, तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. झाडाखाली गवताचा नाद सोड, सावलीतली झाडं लाव. संचालकांनी विचारलं मधे हे काय, तर काय सांगायचं ते तुझं तू बघ. तुला खात्यांची नावं चांगली सुचतात.

मला इथं कमिटीला भेटायचंय. काय ते नंतर लिहीन.

ताई


२० एप्रिल

ताई,

पंधरा तारीख गेली. फॉर्म भरला नाही. संस्थेला तसं कळवलं.

काल नव्हे, परवा चहा झाला. चारही बाजूंनी हिरवळ इतकी चांगली आली आहे की मधला पट्टा जास्तच उठून दिसतो. टेबलं कडेला मांडली. बाबांना खोलीत बसवून ठेवायचं असं आमचं ठरलं होतं, हे कबूल करतो. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, भूमिगत जलवाहिनीचं काम चालू आहे म्हणून.

मोठे संचालक कप घेऊन थेट पट्ट्यावर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात बाबा केरसुणी घेऊन बाहेर आले आणि ओरडले, "ओ! बूट काढा आधी!" मोठ्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं बूट काढले. त्यांच्या मोज्याला भोक होतं. विचारलं, हे कोण?

ताई, माझ्या तोंडून जलवाहिनी निघालीच नाही. म्हणालो, माझे वडील. मैदानाचे माळी. हे पिच त्यांनी केलंय.

साहेबांनी वाकून जमिनीवर नखानं टकटक केलं. म्हणाले, उत्तम आहे. बाबा म्हणाले, "उत्तम कसलं, रोलर हलका पडतो."

हिचा चेहरा बघण्यासारखा होता. रात्री मात्र हसली.

तुझी ती ओळ : मुलगी पिच माझ्यापेक्षा चांगलं करते. ठळक लिहिली आहे.

आणि ही चिठ्ठी. बाबांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, अर्धा तास बसून लिहिली आणि मैदानावर पोचवा म्हणाले. मी एक अक्षरही सांगितलेलं नाही.

भाऊ

*माळीण बाईंस. पिच तयार आहे. कडक आहे. पाणी बास. ड्रमनं भागत नाही. मोठा रोलर पाठवा. – माळी.*


२५ एप्रिल

भाऊ,

चिठ्ठी पोचली. मला माळीण बाई म्हणालेत. चालेल. तुला तर माळीही म्हणत नाहीत.

अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे त्यांचं.

कमिटीशी भांडून आले. सरळ बोलले नाही, भांडले. मैदानाच्या मागं सरावाची एक जुनी पट्टी आहे, वापरत कुणी नाही, तिच्यावर तुटके बाक टाकलेत. म्हटलं, ती बाबांची. तिथं हवं तेवढं पाणी घालू दे, तळं करू दे. मोठ्या पिचकडं वळले तर मी आहे. सेक्रेटरी म्हणाला, लिहून द्या. तुझ्या फॉर्मच्या दुसऱ्या प्रतीची मागची बाजू कोरीच होती, तिच्यावर लिहून दिलं. वॉचमनलाही सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, आजोबा गेल्यापासून गेटला उभं राहायला करमत नाही. वॉचमनसुद्धा बोलायला लागलाय हल्ली.

सहा महिने माझ्याकडं, सहा तुझ्याकडं. तू तिकडं मधे बी टाकलेलं मला कळलं तर याद राख. कडा काप, केर काढ, ड्रम फिरव. ते परत येतील तेव्हा डावीकडं ओल जास्त आहे म्हणून शिव्या देतील. खा. मी वीस वर्षं खाल्ल्या, तुझ्या फार राहिल्यात.

मंगळवारी दुपारच्या गाडीनं पोचते. बाबांना सांग, रोलर मागवलाय, निघालाय. गाडीत रोलर चढवू देत नाहीत म्हणून मीच येतेय. वजनात फारसा फरक नाही.

ताई